नक्षीटाके घालूनही गोधडी सपाटच का दिसते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नव्या झिगझॅग मशीनमध्ये वीसेक नक्षीटाके आहेत. सुती चौकोन जोडून, आत पॉलिफिलची (पॉलिएस्टरच्या भरीची) शीट आणि खाली अस्तर घालून पलंगाची गोधडी केली. कडेनं भरीव त्रिकोणांची नक्षी घातली, तर तिथं कापड गोळा झालं आणि कड वेडीवाकडी झाली. मधल्या भागात पानाफुलांच्या ओळी घातल्या, त्या छापल्यासारख्या सपाट दिसतात. हाताच्या गोधडीवरून हात फिरवला की जो उठाव लागतो, तो मशीनच्या टाक्यांनी आणता येतो का?

येतो. मात्र उठाव येतो तो टाके न पडलेल्या जागेला. टाका तिन्ही थर आवळून खाली दाबतो, शेजारी मोकळी राहिलेली भर फुगून वर येते आणि मधल्या उतारावर सावली पडते. टेक्श्चर म्हणून डोळ्याला जे दिसतं ते म्हणजे ही सावली. म्हणून टाका निवडताना तो किती देखणा आहे याच्याआधी दोन गोष्टी बघायच्या: तो कापड कुठे आणि किती दाबतो, आणि दोन ओळींमध्ये फुगायला किती जागा सुटते. मशीनवर छापलेली टाक्यांची चित्रं यातलं काहीच सांगत नाहीत.

वाकळ शिवणारी बाई जुन्या लुगड्यांचे थर अंथरून धावदोरा घालते. दोरा एकच, तो थरांतून वरखाली जातो, आणि चार-सहा टाके झाले की ती तो किंचित ओढून घेते. टाका, मोकळी जागा, पुन्हा टाका, अशा ओढीनं कापडावर बारीक चुण्या पडतात आणि पहिल्या धुण्यात त्या पक्क्या होतात. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा थरांच्या मधोमध एकमेकांत अडकतात आणि टीप सलग जाते, त्यामुळे चुणीऐवजी सरळ चर पडतो. सरळ टीपेनं हाताच्या गोधडीची नक्कल करायला गेलं की काम हमखास तयार रजईच्या वळणावर जातं. पण मशीनची सुई डावी-उजवीकडे झुलते, हे हाताला सहज जमत नाही. त्या झुलण्याचाच उपयोग करून घ्यायचा.

आता तुमची कड. भरीव, म्हणजे सॅटिन टाक्याची लांबी ०.४ मिमीच्या आसपास असते. ५ मिमी रुंद पट्टी भरताना एका सेंटिमीटरमध्ये सुई २५ वेळा आडवी जाते, म्हणजे नुसत्या वरच्या बाजूला १२.५ सेंमी दोरा बसतो. एक मीटर कडेला साडेबारा मीटर. त्रिकोणांच्या नक्षीत याच्या साधारण निम्मा धरा, तरी तो पुष्कळ झाला. प्रत्येक आडवा टाका दोन्ही बाजूंचं कापड आत ओढतो, म्हणून मध्ये बोगदा तयार होतो. आणि इतका दोरा एकामागे एक कोंबल्यानं कापड लांबीच्या दिशेनं पसरतं, म्हणून कडेला लाटा येतात. आत पॉलिफिलसारखी दबणारी भर असली की दोन्ही गोष्टी आणखी बळावतात. टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, कितीही कमीजास्त केलं तरी हे पुरतं जात नाही, कारण दोष टेन्शनचा नाही.

भरीव नक्षी हवीच असेल तर ती थर एकत्र करण्याआधी, फक्त वरच्या कापडावर घालावी. कापडाखाली भरतकामासाठी मिळणारा फाडता येणारा नॉनवोव्हन ठेवायचा, शिवून झाल्यावर जादा भाग हलक्या हातानं फाडून टाकायचा. मग थर जोडून त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना, अगदी लगटून, साधी सरळ टीप मारायची. पट्टीखालची भर दोन टिपांच्या मध्ये अडकते आणि नक्षी दोरीसारखी वर उचलली जाते. टाकेही तेच, दोराही तोच, पण उठाव आला तो शेजारच्या दोन टिपांमुळे. मला स्वतःला भरीव नक्षी फारशी आवडत नाही. गोधडी कडक होते, घडी नीट बसत नाही. दिवाणावर अंथरायच्या चादरीला ठीक, अंगावर घ्यायच्या गोधडीला नको.

अंगावरच्या गोधडीसाठी मोकळे टाके वापरा. माझ्या मते सगळ्यात कामाचा टाका म्हणजे नागमोडी, ज्याला सर्पेंटाइन म्हणतात. तो नसेल तर तीन टप्प्यांचा झिगझॅग, जो खरं तर इलॅस्टिक लावायला आणि कापडाची कड बसवायला दिलेला असतो. रुंदी पूर्ण ठेवा. साध्या मशीनवर ती ५ मिमी असते, कॉम्प्युटराइज्ड मशीनवर ७, काही मोठ्या मशीनवर ९. लांबी २.५ ते ३ पर्यंत वाढवा. मशीननं ठरवून दिलेली लांबी बहुतेक वेळा एका थरासाठी असते. तीन थरांवर तोच टाका दाटीवाटीचा दिसतो. ताणला की नागमोडी टाका कापडाला एकदा इकडे, एकदा तिकडे ओढतो, चर सरळ राहत नाही आणि दोन ओळींमधला फुगवटा जाड-बारीक होत जातो. सपाट रंगाच्या कापडावर अशा ओळी तीन-तीन सेंटिमीटरवर घातल्या की ओल्या वाळूवर पाणी ओसरून गेल्यावर उरते तशी नक्षी दिसते.

दुसरा, कोणी न वापरणारा टाका म्हणजे आंधळ्या तुरपाईचा, ब्लाइंड हेम. चार-पाच टाके सरळ आणि एक उडी बाजूला, असा तो जातो. वरच्या कापडात आधी बारीक प्लीट शिवून ठेवायची आणि थर जोडण्याआधी तिच्या दुमडीवर हा टाका असा चालवायचा, की उडी दुमडीच्या जरा बाहेर पडेल. वरचं टेन्शन थोडं वाढवलं की प्रत्येक उडीला दुमड आवळली जाते आणि शिंपल्यांची माळ तयार होते. मऊ मलमल किंवा केंब्रिक असेल तर फार छान उठते, जाड खादीवर मुळीच नाही.

फेदर, हेरिंगबोन, मधाच्या पोळ्यासारखा हनीकोंब, हे टाके देखणे आहेत, पण त्यांची एक खोड आहे: त्यातले बरेच टाके कापड पुढे नेतात, मागे आणतात, पुन्हा पुढे नेतात. उषा जनोमच्या साध्या मॉडेलांवर लांबीचं बटण एस.एस.वर (स्ट्रेच स्टिचच्या खुणेवर) नेल्याशिवाय जे टाके पडत नाहीत, ते या जातीचे. तीन थर जाड असताना मागेपुढे करण्यात वरचा आणि खालचा थर सारख्या मापानं सरकत नाही आणि नक्षी लंगडी पडते. वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही दात्यांनी सरकवणारा दाबपाय, तर बनवलेलाच पुढे जाणाऱ्या कापडासाठी. मागे येताना त्याचे वरचे दाते नीट साथ देत नाहीत. असे टाके पातळ भरीवर घ्या, साधा झिगझॅगचा फूट लावा, फूटचा दाब कमी करता येत असेल तर करा, आणि हळू चालवा. डावी-उजवी नक्षी सारखी पडत नसेल तर एस.एस.वर असतानाच तेच बटण किंचित अधिककडे किंवा उणेकडे फिरवून तोल साधता येतो.

जाता जाता: फेदर आणि हेरिंगबोन मशीनवर आले ते हाताच्या भरतकामातून. १८८०च्या दशकात अमेरिकेत क्रेझी क्विल्टचं वेड होतं तेव्हा मखमल आणि रेशमाचे वेडेवाकडे तुकडे जोडून प्रत्येक जोडावर असे टाके घालत. त्यातल्या बहुतेकांत भर नसायची आणि क्विल्टिंग, म्हणजे थर एकत्र शिवणारे टाकेही नसायचे. टाका तिथं निव्वळ दागिना होता. तुमच्या पानाफुलांच्या ओळींचं नेमकं तेच झालंय. उलट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात साधारण १३६० ते १४०० या काळातली सिसिलीची ट्रिस्टनची रजई आहे. तिच्यातल्या माणसा-घोड्यांच्या आकृती आत भर घालून फुगवलेल्या आहेत आणि नक्षीला असा टाका एकही नाही. साधे टाके योग्य जागी पडले की पुरतात.

आता भर. पुण्यात बोहरी आळीत किंवा कुठल्याही मोठ्या बाजारात पॉलिफिल जीएसएमवर, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर, मिळतं. १०० जीएसएम पातळ, २०० बऱ्यापैकी फुगीर. २०० वर नागमोडी ओळी चार-पाच सेंटिमीटरवर ठेवल्या तरी छान फुगतात. दोन सेंटिमीटरवर घातल्या तर सगळी भर दबून पुठ्ठा होतो. सुती शीट मुळात चपटी, तिच्यावर ओळी जवळ घ्याव्या लागतात, दोन-अडीच सेंटिमीटरवर. तिचा खरा खेळ धुतल्यावर दिसतो. न धुतलेली सुती भर पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते, वरचं कापड टाक्यांना धरून चुणतं, आणि हाताच्या गोधडीचा जो मऊ सुरकुतलेपणा तुम्ही विचारलात तो इथं मिळतो. त्यासाठी वरचं कापड आधी धुऊन आटवून घ्या आणि भर तशीच, न धुता वापरा. फक्त गडद लाल, निळं, काळं कापड रंग सोडत नाही ना हे आधीच पाहा. गादीवाल्याकडून पिंजून आणलेला मोकळा कापूस या कामाला चालत नाही, तो फूटच्या पुढे ढकलला जाऊन गोळा होतो. जुन्या साड्यांचे नुसते थर मात्र मशीनवर उत्तम जातात. फुगवटा कमी येतो, पण अंग मऊ राहतं.

पॉलिफिल घातल्यावर गोधडीवर तापलेली इस्त्री फिरवू नका. ते पॉलिएस्टर आहे, तापून दबलं की पुन्हा फुगत नाही, आणि मग नक्षी सपाट का झाली याची कारणं टाक्यांत शोधत बसावं लागतं.

दोऱ्याच्या रंगाबद्दल माझं मत जरा हट्टी आहे: उठाव हवा असेल तर दोरा कापडाच्याच रंगाचा, फार तर एक छटा गडद. विरुद्ध रंगाचा दोरा घातला की डोळा रेघ बघतो, सावली बघत नाही. छापील कापडाचंही तेच, फुलाफुलांच्या कापडावर केलेलं सगळं टेक्श्चर वाया जातं. चौकोन छापील असतील तर मधल्या पट्ट्या आणि कड सपाट रंगाची घ्या आणि मेहनत तिथं करा. काम करताना खोलीतला वरचा दिवा बंद करून टेबलावरचा दिवा बाजूनं, कापडाच्या पातळीवर ठेवून बघत जा. वरून पडणाऱ्या उजेडात कुठलीच गोधडी उठून दिसत नाही. फोटो काढतानाही खिडकीचा आडवा उजेड घ्या.

दोरा पॉलिएस्टरचा ४० नंबरी भरतकामाचा घ्या. रेयॉनला चमक सुंदर असते, पण ओला झाला की तो कमजोर पडतो आणि आपल्याकडे गोधडी आपटून धुतली जाते. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. जाड रेघ हवी असेल तर ३० किंवा १२ नंबरी सुती दोरा वापरता येतो. सुई ९०/१४ टॉपस्टिच, १२ नंबरी दोऱ्याला १००/१६. टॉपस्टिच सुईचं नेढं मोठं आणि खाच खोल असते, त्यामुळे दोरा घासून तुटत नाही. जरीचा दोरा सुईतून ओवून हाल करून घेऊ नका, तो बॉबिनमध्ये घाला. कसं ते पुढे सांगते.

कुठलाही नवा टाका लावला की मशीन सुरू करण्याआधी हातानं चाक फिरवून सुई टाक्याच्या दोन्ही टोकांना नेऊन बघायची. सरळ टीपेची प्लेट किंवा अरुंद फूट राहून गेलेला असला तर सुई त्यावर आदळते आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. जुळी सुई लावली असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण दोन सुयांमधलं अंतर अधिक टाक्याची रुंदी, दोन्ही मिळून प्लेटच्या भोकात मावलं पाहिजे.

आता बॉबिनचं काम, ज्याला मी या सगळ्यात वरचं स्थान देईन. घरी फक्त काळं सरळ टीपेचं पायमशीन असेल त्यांनाही हे जमतं. सुईच्या नेढ्यातून न जाणारा जाड दोरा, म्हणजे क्रोशाचा बारीक दोरा, भरतकामाचा ८ नंबरी पर्ल कॉटन, जर, हातानं सैलसर बॉबिनवर गुंडाळायचा. बॉबिन केसच्या पट्टीवरचा मोठा स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत जायचा, दोरा न अडखळता पण सुटून न वाहता बाहेर येईपर्यंत. हे वाटीवर धरून करा. तो स्क्रू फरशीवर पडला की सापडत नाही. आणि या कामासाठी दुसरी बॉबिन केस आणून तिच्यावर नेलपॉलिशची खूण करून ठेवा, म्हणजे रोजच्या केसचं टेन्शन बिघडत नाही.

मग गोधडी उलटी, अस्तर वर करून शिवायची. खुणाही अस्तरावरच करायच्या. वरून साधा, अस्तराच्या रंगाचा दोरा, टेन्शन नेहमीपेक्षा थोडं जास्त, टाक्याची लांबी ३ ते ४. जाड दोरा खाली, म्हणजे गोधडीच्या दर्शनी बाजूला, कापडावर आडवा पडतो आणि वरचा बारीक दोरा त्याला जागोजाग टाचतो. सरळ टीप असली तरी ती मण्यांच्या सरीसारखी बोटाला लागते. झिगझॅग किंवा नागमोडी टाका फक्त मोकळा, ताणलेलाच घ्या. दाट टाक्यात जाड दोरा खाली अडकून मशीन जाम होतं. शिवताना नक्षी दिसत नाही हा यातला एकच त्रास, म्हणून दर हातभर अंतरावर थांबून उलटून बघायचं. सुरुवातीची आणि शेवटची टोकं लांब सोडा, मोठ्या नेढ्याच्या सुईनं थरांमध्ये ओढून घ्या. उलटसुलट टीप मारून गाठ करू नका, जाड दोऱ्याचा गोळा होतो.

हाताच्या धावदोऱ्यासारखा भास हवा असेल तर बऱ्याच कॉम्प्युटराइज्ड मशीनवर त्यासाठी वेगळा टाका दिलेला असतो. वर पारदर्शक नायलॉनचा दोरा, खाली रंगीत, आणि वरचं टेन्शन खूप घट्ट. खालचा दोरा ओढून वर येतो, एक टाका रंगीत दिसतो, एक दिसत नाही. दोन हात लांबून फसगत होते, जवळून नाही. पारदर्शक दोऱ्यावर गरम इस्त्री लागली तर तो वितळतो.

थर सरकू नयेत म्हणून सेफ्टी पिना चार बोटांच्या अंतरावर लावा आणि फूटजवळ आली की पिन काढा. पहिली ओळ मधोमध घाला, मग एका बाजूच्या ओळी संपवून गोधडी फिरवून दुसरी बाजू. सरळ ओळींच्या कामात काही जण आलटून पालटून वरून-खालून शिवतात. नक्षीटाक्यांत ते करू नये, कारण शेजारच्या ओळींची पानं उलट्या दिशांना वळतात आणि कापडही तिरकं ओढलं जातं. प्रत्येक बाजूच्या ओळी एकाच टोकाकडून सुरू करा. सुरुवात कापडाच्या बाहेर उरलेल्या भरीवरून करा. पहिले दोन-तीन वेडेवाकडे टाके तिथंच राहतात आणि नंतर कापले जातात. गोधडीचं ओझं टेबलाखाली लोंबू देऊ नका. बाजूला खुर्ची, इस्त्रीचा स्टँड, काहीही लावा. लोंबतं वजन कापड मागे खेचतं आणि टाके कुठे दाट, कुठे विरळ पडतात.

खुणांसाठी साधा शिंप्याचा खडू पुरतो. इस्त्रीनं पुसल्या जाणाऱ्या पेनाच्या रेघा कडक थंडीत परत दिसू शकतात, तेव्हा गोधडी गावच्या किंवा परदेशातल्या थंडीत जाणार असेल तर तो टाळा. पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेनावर धुण्याआधी इस्त्री फिरवू नका, डाग पक्का बसतो.

एक फूट लांब-रुंद नमुना त्याच कापडाचा, त्याच भरीचा, आधी करून घ्या. प्रत्येक ओळीशेजारी मार्करनं टाक्याचा नंबर, रुंदी, लांबी लिहा, मग तो धुवा, वाळवा आणि फुटपट्टीनं मोजा. किती आटला ते कळलं की पलंगाचं माप तितकं वाढवून घेता येतं.

हातातल्या गोधडीचं आता काय करायचं? पानाफुलांच्या ओळी उसवू नका. प्रत्येक ओळीच्या दोन्ही बाजूंना, फूटच्या रुंदीइतक्या अंतरावर, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं वॉकिंग फूट लावून एकेक सरळ टीप मारा. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात काहीही घालू नका. चार बोटं रुंद असेल तर तो आपोआप फुगेल. कडेची त्रिकोणी नक्षी मात्र काढावी लागेल. उसवताना अस्तराच्या बाजूनं बॉबिनचे दोरे उसवणीनं कापत जा, मग वरचा दोरा लांब तुकड्यांत सहज निघतो. सुईची भोकं पाण्याचा हात फिरवून नखानं दाबली की बरीचशी बुजतात. वाळल्यावर त्याच जागी ताणलेल्या नागमोडी टाक्याच्या दोन ओळी घाला, दोन सेंटिमीटर अंतर सोडून.